सोसून

यतीन शिर्केचा आत्तेभाऊ बोटीवर होता,
त्यानं रॉटरडॅमहून एक कॅसेट आणली.
वरचं कव्हर हरवलेलं. कुणाचं गाणं, कुठल्या साली गाजलं,
कळायला काही मार्ग नव्हता.
ढब् ढब् ढब् ढब्,
शाळेतल्या कवायतीसारख्या सरळ चार मात्रा
आणि मध्येच एक बाई
छत फोडून वर जायची.

नवरात्राला अकरा दिवस उरले होते.
रावपुऱ्याच्या पार्टीनं मागच्या साली
आमची अर्धी गर्दी पळवली होती.
यतीन म्हणाला, हेच वाजवू.
मी ऑक्टोपॅडवर. चाराचं सहात बसवायचं
म्हणजे खाटेवर कपाट चढवायचं.
दांडिया बाजारच्या गच्चीत पहाटे तीनला
दुधाच्या टेम्पोचा खडखडाट ऐकता ऐकता
हींच सापडली.

शब्द चारुशीला रणदिवेनं उतरवले,
अकाउंट्सच्या वहीत, मागच्या पानावर,
टेप मागे-पुढे करून, देवनागरीत.
जिथं काहीच लागेना तिथं तिनं
'बेबी' लिहून जागा भरली.
आणि ती बाई ओरडायची तिथं:
डोंगो सोसून. डोंगो सोसून.

पाचव्या माळेला मैदान उठलं.
माझी मावशी म्हणाली, अगं, सुनेचं गाणं आहे हे,
ऐक ना, सारखी सून सून करतेय,
सगळं सोसून, म्हणतेय.
शेजारच्या पटेलकाकींना यातलं एक अक्षर कळलं नाही,
त्या तीन टाळ्या देऊन पुढे सरकल्या.
दसऱ्यापर्यंत रोज तेच.
पेलुं सूनवाळुं वगाडो ने!

पुढच्या वैशाखात चारुशीला
लग्न होऊन धारवाडला गेली.
तुम्हाला वाटतंय तसं काही नव्हतं.
तिची श्वास घ्यायची जागा मला पाठ होती, एवढंच,
कारण तिथंच मला झांज मारायची असे.
स्टेशनवर सगळी पार्टी. यतीननं डब्यातून सेव-उसळ आणलेली,
तिचा रस्सा कुणाच्या तरी होल्डॉलवर सांडला,
त्यावरूनच बोलणं चाललं होतं.
गाडी हलली. काहीतरी म्हणायला हवं होतं बहुतेक.
मी खिडकीच्या गजावर
दोन बोटांनी हींच वाजवली.
ती हसली. मग डबे, डबे, डबे,
मग गार्ड.

काल अलकापुरीत दाताच्या डॉक्टरांकडे,
इंजेक्शन देऊन बाहेर बसवलेलं,
उजवा जबडा दुसऱ्याच कुणाचा.
भिंतीतल्या स्पीकरमधून पियानो,
आणि एक पोरगा, शेजारी कुणी झोपलंय
अशा बेतानं गाणारा.
नवीन आहे काका, काउंटरवरची मुलगी म्हणाली,
सध्या खूप चाललंय.
दुसऱ्या ओळीला मी ओळखलं.
ढब् ढब् नव्हतं. गर्दी पांगल्यावर
ओळखीची माणसं एकेक दिसू लागावीत
तसे ते सुटे झाले, तीस वर्षांनी:
डोन्ट. गो. सो. सून.

इतक्यात जाऊ नकोस,
असं ती बाई ओरडत होती तर.
आणि आम्ही तिला मधोमध उभी करून
सगळं मैदान तिच्याभोवती
घामाघूम फिरवत होतो.

पोरगा मला आवडला नाही, खरं सांगतो.
त्याला अर्थ कळलाय, म्हणून तो हळू जातो,
ओल्या फरशीवरून गेल्यासारखा.
त्या बाईलाही कळलेला होता,
ती तरी नाचवत होती.
आणि चारुशीलानं जे लिहिलं
त्यात चूक कुठली काढू मी आता?

मांडीवर बोटं आपोआप सुरू झाली.
त्याच्या संथ चाराखाली सहा.
पहिल्यांदा निसटलं.
कडव्यानंतर बसलं, अगदी जिथल्या तिथं,
झांजेची जागासुद्धा.

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं.
एक मिनिट, हे संपू दे,
असं म्हणायचं होतं मला.
बधिर ओठातून जे काही बाहेर पडलं
ते तिनं दोनदा विचारलं,
मग मान डोलावून
दार उघडं धरलं.